वसईच्या घंटा आणि पडेगावचा कोनाडा

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद-वेरूळकडे जाताना छावणी मागे पडली की पडेगाव लागते. या बाजूची शेते हळूहळू प्लॉट झाली, प्लॉटांची घरे झाली, आणि आता त्यांतली काही घरे दुसऱ्या-तिसऱ्या हाती जाऊ लागली आहेत. आमच्या परिचयातील एका ख्रिस्ती कुटुंबाने असेच एक जुने घर विकत घेतले. निवृत्तीची पुंजी आणि मुलाच्या नावावरचे कर्ज, दोन्ही त्यात ओतले. घर आशीर्वादित करण्यासाठी आम्हांला बोलावणे आले, पण आम्ही उंबरठ्याच्या आत पाऊल टाकतो न टाकतो तोच घरधनी म्हणाले, "फादर, तीर्थ शिंपडायच्या आधी एक गोष्ट बघून घ्या."

रंगकामासाठी स्वयंपाकघरातील एक फळी उखडली, तेव्हा तिच्यामागे कोनाडा निघाला होता. कोनाड्यात तांबड्या फडक्यात गुंडाळलेले चांदीचे पाच टाक आणि एक लहानशी पितळी घंटा. एका टाकावर घोड्यावर बसलेला खंडोबा स्पष्ट दिसत होता, दुसरा बहुधा तुळजाभवानीचा; उरलेले तीन पुजून पुजून झिजले होते. खरेदीखतात चतुःसीमा असतात, पाण्याचा हक्क असतो, वाटेचा हक्क असतो. कोनाड्यातल्या देवांविषयी त्यात काही लिहिलेले नसते.

घरात तीन मते झाली होती. मामा अनुवादाच्या सातव्या अध्यायावर बोट ठेवून बसले होते. परक्या देवांच्या मूर्ती मोडून टाकण्याची इस्राएलाला दिलेली आज्ञा त्यांनी आम्हांला दाखविली. सूनबाईंना ते गोदावरीत सोडावेसे वाटत होते. धाकट्या नातवाने चांदीचा भाव विचारून ठेवला होता! आजी काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या मौनाचा अर्थ आम्हांला कळत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सलियन मिशनरी घोगरगावच्या परिसरात आले, तेव्हापासून या जिल्ह्यातील किती घरांतून असेच टाक बाहेर पडले असतील! आजींच्या माहेरचेही त्यांत होते.

आम्ही त्या दिवशी निर्णय दिला नाही. वसईच्या घंटा मात्र आठवल्या, आणि आज त्यांच्याविषयीच लिहावयाचे आहे. कारण मागल्या मालकाने घरात ठेवून गेलेल्या वस्तूचे काय करावे, हा प्रश्न महाराष्ट्रात ख्रिस्ती आणि हिंदू यांच्यामध्ये याआधीच फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता.

वसई प्रथम पोर्तुगीजांकडे आली ती 1534 साली, गुजरातच्या बहादुरशहाशी झालेल्या तहाने. पुढील दोनशे वर्षांत तेथे किल्ला, मठ आणि चर्चे उभी राहिली. याच वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियांना 1597 साली नागासाकी येथे क्रूसावर मरण आले आणि 1862 साली ते संत म्हणून घोषित झाले. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. त्याच काळातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उत्तर कोकणात पोर्तुगीजांना जे घर मिळाले तेही रिकामे नव्हते. बोरिवलीजवळचे मंडपेश्वराचे शैव लेणे त्यांच्या येण्यापूर्वी जवळजवळ हजार वर्षे तेथे होते. सोळाव्या शतकाच्या मध्यास आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या काळात त्या लेण्याचे चर्च करण्यात आले आणि वरच्या टेकडीवर शिक्षणसंस्था उभारली गेली. आज ते लेणे पुरातत्त्व खात्याकडे आहे. आत नृत्य करणारा शिव आहे, आणि तेथेच खडकात कोरलेला मोठा क्रूसही आहे. शिव पुरता गेला नाही. पुढे राज्य पालटले तेव्हा क्रूसही कोणी तासून काढला नाही. एकाच घरात दोन मालकांच्या खुणा अशा समोरासमोर क्वचितच पाहावयास मिळतात. वेरूळला सहली नेणाऱ्या आपल्या शाळांनी कधी मुंबईला गेल्यास हे लेणेही मुलांना दाखवावे. असो.

1739 च्या मे महिन्यात, काही महिन्यांच्या वेढ्यानंतर, चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. दोन्ही बाजूंची माणसे फार मेली. तरीही शरणागतीच्या अटी पाहिल्या तर मन थबकते. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, निशाण फडकावीत, ताशे वाजवीत बाहेर पडू दिले गेले. लोकांना आपली चल मालमत्ता नेण्याची मुभा मिळाली. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळता यावा आणि त्यासाठी तीन चर्चे राखली जावीत, एक शहरात, एक बाहेरच्या मुलखात आणि एक साष्टी बेटावर, असेही ठरले. गोरे लोक गेले. भूमिपुत्र ख्रिस्ती राहिले, आणि त्यांच्यासाठी एतद्देशीय धर्मगुरू राहिले. आजच्या वसई धर्मप्रांतातील भाविक हे बहुतांशी त्यांचेच वंशज.

चर्चच्या मनोऱ्यांतील घंटा मात्र मराठ्यांच्या हाती लागल्या. वसई कोणी विकली नव्हती, ती जिंकली गेली होती, आणि घंटा ही विजयाची खूण म्हणून नेली गेली, हे लपविण्यात अर्थ नाही. ओतीव धातूच्या त्या राशी वितळवून तोफा ओतता आल्या असत्या. युरोपात युद्धकाळी तसे पुष्कळदा झाले आहे. ख्रिस्ती राजांनी ख्रिस्ती चर्चच्या घंटा तोफखान्यात धाडल्या आहेत. येथे घंटांचे काय झाले? त्या बैलगाड्यांतून घाट चढल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर, एक आहे; तिच्यावर 1707 हे साल आणि बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया उठावात आहे. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकर राजेबहाद्दर यांनी 1747 साली रामेश्वराचे देऊळ बांधले. त्याच्या दर्शनी भिंतीवर टांगलेली घंटा 1721 ची. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपल्याकडे 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. म्हणणाऱ्या कितीजणांना ठाऊक असते की ती मुळात चर्चची आहे?

मेणवलीच्या त्या घंटेवरून कोणीही मरियेची प्रतिमा घासून काढलेली नाही. आम्ही एकदा तेथे उभे राहून हे पाहिले आहे. जी घंटा मिस्सेची आणि आंजेलसची वेळ सांगत असे, ती तिच्याच प्रतिमेसह शिवापुढे टांगली गेली. टांगणाऱ्यांना ती बाई कोण हे कदाचित कळले नसेल. पण कोणाची तरी माता आहे, एवढे नक्कीच कळले असेल.

त्या घंटा परत मागाव्यात असे आपल्यातील काही तरुण अधूनमधून म्हणतात. आमचे मत वेगळे आहे. मागावयाच्याच तर आपल्यालाही मंडपेश्वरासारख्या कित्येक ठिकाणांचा हिशेब काढावा लागेल, आणि तो हिशेब आपल्या बाजूने निघेल असे आम्हांस वाटत नाही. शिवाय ज्या घंटा वितळल्या गेल्या असत्या, त्या देवळांत टांगल्या गेल्या म्हणूनच आज त्यांच्यावरची साले आपल्याला वाचता येतात.

आता मामांच्या अध्यायाकडे. सेमिनरीत असताना आम्ही हे वाद पुष्कळ घातले आहेत. सातव्या अध्यायात मूर्ती मोडण्याची आज्ञा आहे खरी. पण त्याच्या अगोदरच्याच अध्यायात तू न भरलेली भरली घरे तुला मिळतील तेव्हा देवाला विसरू नकोस, अशी ताकीद आहे. आणि बाविसाव्या अध्यायात दुसऱ्याची हरवलेली वस्तू सापडली तर ती सांभाळून परत करावी, असेही आहे. 601 साली थोर पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटसला पत्राने कळविले की तेथील मंदिरे पाडू नका; मूर्ती काढा आणि मंदिरात तीर्थ शिंपडा. त्या काळी हेही मोठे औदार्य होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी अन्य धर्मांविषयीचा जाहीरनामा काढून याच्या पुष्कळ पुढे पाऊल टाकले, आणि त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही असे स्पष्ट केले.

नातवाला आम्ही कायदा सांगितला. जमिनीत किंवा भिंतीत दडविलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास कलेक्टरला कळवावे लागते. हा निखात निधीचा कायदा 1878 चा आहे. पण येथे तो प्रश्नच नव्हता. मालक ठाऊक होता. घर विकणाऱ्याचा फोन नंबर खरेदीखताच्या फायलीत होता! मत्तयाच्या शुभवर्तमानातील शेतात ठेव सापडलेला मनुष्य ठेव पुन्हा झाकून शेत विकत घेतो; त्याने जुन्या मालकाला का सांगितले नाही, असा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले आम्हांला नेहमी विचारतात. तो दाखला देवराज्याच्या मोलाविषयी आहे, घरांच्या व्यवहाराविषयी नाही, असे उत्तर आम्ही देतो. मुलांचे समाधान होत नाही.

फोन आजींनी केला. पुढच्या रविवारी मागल्या मालकाची वृद्ध आई रिक्षाने आली. घर बदलण्याच्या गडबडीत मुलांनी कोनाड्यावर फळी ठोकली हे तिला माहीतच नव्हते. देव दुसऱ्या मुलाकडे गेले असतील असे ती दोन वर्षे समजत होती. तिने टाक एकेक करून मोजले, कपाळाला लावले आणि पदरात बांधले. मामा बाहेर अंगणात उभे होते, पण तिच्यासाठी रिक्षा थांबवून धरली ती त्यांनीच. आजींनी तिला चहा दिला. दोघी बराच वेळ आतल्या खोलीत बोलत बसल्या. काय बोलल्या ते आम्ही विचारले नाही.

निघताना घरधन्यांनी ती पितळी घंटा तिच्या हाती ठेवली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. म्हणाली, "ही आमची नव्हं. आम्ही घर घेतलं तवा ही हितंच व्हती."

त्यानंतर आम्ही घर आशीर्वादित केले. घंटा अजून त्या कोनाड्यात आहे. तिच्यावर साल नाही.