प्रस्तावना : औषधाचाही विसावा

  हृदयविकाराच्या अभ्यासात नव्याने पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि घरात हृदयरोगी असलेल्या वाचकांसाठी ही प्रस्तावना आहे.

जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी बहुतेकांना माहीत असते. ती नायट्रेट गटातली आहे. नायट्रेट औषधे शरीरात नायट्रिक ऑक्साइडचे काम करतात. शिरा सैलावतात, थकलेल्या हृदयावरचा भार उतरतो, धाप कमी होते. पण त्यांचा मारा अखंड राहिला, तर 24 तासांतच गुण ओसरू लागतो. यालाच सह्यता म्हणतात. हे व्यसन नव्हे. औषधाचे रूपांतर करणारे विकर मंदावते, रक्तवाहिन्यांत घातक ऑक्सिजन-कण वाढतात आणि शरीर मीठ-पाणी धरून ठेवू लागते.

या सह्यतेची खूण डायनामाइटच्या कारखान्यांत दिसली. नायट्रोग्लिसरीन हे नायट्रेटच हाताळणाऱ्या कामगारांचे डोके सोमवारी ठणके, आठवडाभरात थांबे आणि सुटीनंतर पुन्हा ठणके. सुटीत शरीराचा सराव मोडत असे. आजचा उपायही तोच आहे : दिवसाचे 10 ते 12 तास औषधाविना ठेवणे. म्हणून त्वचेवर लावायची नायट्रोग्लिसरीनची पट्टी रात्री काढतात. मोनोनायट्रेट या नायट्रेट औषधाची साधी गोळी सकाळी 8 आणि दुपारी 3 वाजता देतात.

हृदय निकामी होत असलेल्या रुग्णात मात्र पेच पडतो. आडवे होताच ज्याला दम लागतो, त्याला रात्रीच औषधाची गरज असते. मग मोकळा काळ दिवसा ठेवावा लागतो. नायट्रेटला हायड्रॅलझीन या औषधाची जोड देणे हा दुसरा मार्ग. ती ऑक्सिजन-कणांना आवर घालून सह्यता रोखते, असे मानले जाते. या जोडीने आयुष्य वाढू शकते, हे अमेरिकेतील 1986 आणि 2004च्या चाचण्यांनी दाखवले. दुसरी चाचणी कृष्णवर्णीय रुग्णांवर झाली होती. एकट्या नायट्रेटने आयुष्य वाढल्याचा असा पुरावा नाही.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, मात्रा वाढवण्याआधी रुग्णाला दम केव्हा लागतो ते विचारा. आणि घरच्यांनो, दोन गोळ्यांमधले अंतर हा उपचाराचाच भाग आहे. चिठ्ठीवर गोळीची वेळ लिहून घ्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बदलू नका, गोळी अचानक बंदही करू नका.

लष्कर, ग्वाल्हेर