जुन्या ट्रकला भंगारातलं मीटर बसवताय? आधी हे तपासा

पेण/रोहा : खाडीकाठची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांचा मार जुन्या गाड्यांच्या वायरिंगला चांगलाच बसतो. सॉकेटला हिरवा गंज चढतो, काटे अडकतात, दिवे लागेनासे होतात. मग नवीन मीटरचा खर्च नको म्हणून भंगारात निघालेल्या गाडीचं आख्खं मीटर, म्हणजेच क्लस्टर, आणून बसवलं जातं. धाटाव एमआयडीसीचा माल वाहणारे ट्रक असोत की गणपतीच्या हंगामात पेणहून मूर्ती नेणारे टेम्पो, हा जुगाड सगळीकडे चालतो. त्यात वाईट काही नाही. पण मीटर 'पेटलं' म्हणजे बसलं, असं समजू नये.

मीटर विकत घेतानाच व्होल्टेज बघा. टाटा ४०७ सारख्या हलक्या गाड्यांची वायरिंग १२ व्होल्टची, मोठ्या ट्रकची २४ व्होल्टची. १२ चं मीटर २४ वर लावलं तर बल्ब आणि गेज जळतात. दुसरं म्हणजे स्पीडोमीटर केबलवर चालणारा आहे की गिअरबॉक्सच्या सेन्सरवर, हे पाहावं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांचं मीटर इंजिनच्या कॉम्प्युटरकडून माहिती घेतं. ते जुन्या गाडीत दिसायला झकास, कामाला शून्य! शक्यतो त्याच मॉडेलचं, त्याच काळातलं घ्यावं आणि बिल मागून घ्यावं. चोरीच्या गाडीचा पार्ट निघाला तर निस्तरायचं मालकालाच.

बॅटरीची वायर काढल्याशिवाय जुन्या मीटरला हात लावू नये. सॉकेट काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर नाव लिहून लावा. नुसत्या रंगावर जाऊ नका. वीस वर्षांत किती वायरमननी हात मारलाय, कोण सांगणार?

डिझेलचा काटा सर्वात जास्त फसवतो. टाकीतला फ्लोट आणि मीटरचा काटा एकाच जोडीचे असावे लागतात. काही फ्लोट रिकाम्या टाकीत १० ओहम आणि भरल्यावर १८० ओहम दाखवतात, काहींचा क्रम नेमका उलटा. जोडी जुळली नाही तर टाकी रिकामी असताना काटा 'फुल' दाखवेल. मग सुकेळी खिंडीत डिझेल संपतं, पंप हवा ओढतो आणि एअर काढत बसावं लागतं. म्हणून नव्या मीटरबरोबर त्याच गाडीचा फ्लोट आणि इंजिनच्या तापमानाचा सेन्सरही मागून घ्यावा. मिळत असेल तर त्याचे थोडे पैसे जास्त गेलेले परवडतात. तापमानाचा सेन्सर तपासायची युक्ती सोपी आहे. सेन्सरच्या बॉडीला अर्थ देऊन तो उकळत्या पाण्यात धरायचा. काटा गरमच्या बाजूला चढला नाही तर जोडी चुकलीय.

चार्जिंगच्या लाल दिव्याकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. अनेक अल्टरनेटरना चालू होण्यासाठी लागणारा पहिला करंट याच बल्बमधून जातो. बल्ब उडालेला असेल किंवा जागी छोटा एलईडी लावला असेल तर अल्टरनेटर चार्जच करणार नाही. रात्री वाटेत बॅटरी उतरली की दोष बॅटरीवर जातो.

एअर ब्रेकच्या गाडीत हवेचा गेज हा जिवाचा प्रश्न आहे. ट्रक सपाट जागी लावून चाकांना दगड द्या, टाकीतली हवा सोडा, मगच नळ्या सोडवा. बसवल्यावर हवा भरून इंजिन बंद करा आणि जोडांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले किंवा काटा उतरू लागला तर गाडी हलवू नका. कमी हवेचा बझर वाजतो का, हेही तिथंच बघून घ्या.

वेगाचा काटा मोबाईलच्या जीपीएसशी ताडून पाहावा. केबलच्या मीटरचा एक ठरलेला हिशोब असतो, तो गिअरबॉक्सशी जुळला नाही की ६० ला ४५ दिसतात. मोटार वाहन नियमांनुसार स्पीडोमीटर चालू असणं बंधनकारक आहे. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी करावा लागतो. रायगडच्या एमएच ०६ गाड्यांचं आरटीओ पेणलाच आहे. बंद किंवा चुकीचं मीटर तिथं अडवू शकतं.

शेवटी किलोमीटरचा आकडा. भंगारातलं मीटर दुसऱ्याच गाडीचा हिशोब दाखवतं. बदललं त्या दिवशीची तारीख, जुन्या मीटरचा आकडा आणि नव्याचा आकडा गॅरेजच्या बिलावर लिहून घ्या, दोन्ही मीटरचे फोटो ठेवा. ऑइल बदलण्याचा हिशोब त्यावरच चालतो, आणि उद्या गाडी विकताना आकडा फिरवल्याचा आरोप आला तर दाखवायला तोच कागद लागतो.