स्पर्धा परीक्षा आणि भूगोल

सनदी सेवेची पहिली खुली स्पर्धा परीक्षा 1855 साली लंडनमध्ये झाली. तिला बसावयाचे तर येथील विद्यार्थ्याला समुद्र ओलांडावा लागे. 1922 पासून ती अलाहाबादेसही होऊ लागली. स्वातंत्र्यानंतर कोठारी समितीच्या शिफारशींवरून 1979 साली नवी रचना आली आणि मुख्य परीक्षेची उत्तरे मराठी, उर्दू आदी भाषांतून लिहिण्याची वाट खुली झाली. 2011 साली पूर्व परीक्षेतील वैकल्पिक विषय गेले. भूगोल मात्र सामान्य अध्ययनात राहिलाच.

भूगोल म्हणजे नद्या व राजधान्यांचे पाठांतर, हा समज आमच्या विद्यार्थ्यांनी सोडावयास हवा. महाबळेश्वरी पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुका तहानलेला राहतो, असे का? नैर्ऋत्य वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात व पाऊस देतात. घाट उतरल्यावर त्यांत पाऊस फारसा उरत नाही. हे कारण ज्याला उमगले त्याला दुष्काळ, ज्वारीचे पीक आणि रोजगारासाठी होणारे स्थलांतर यांची संगती लागते. उद्याच्या अधिकाऱ्याला हीच दृष्टी हवी. तिचा आरंभ शाळेतल्या नकाशापासून आणि आपल्याच तालुक्यापासून करता येतो.