मधल्या बाकावरचा नर्तक

वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाची काळजी शिक्षकाला करावी लागत नाही, आणि अगदी शेवटल्याकडे त्याचे लक्ष आपोआप जाते. घोर लागतो तो मधल्या बाकांवरच्या मुलांचा. त्यांना काही येत नाही असे नव्हे. जे येते ते एका जागी थबकलेले असते. कलेच्या प्रांतातही हा मधला बाक असतोच. इतिहास लिहिणारे शिखरांचे वर्णन करतात, चढण कशी चढली हे क्वचित सांगतात. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील फ्रँकी मॅनिंग या जाझ नर्तकाच्या चरित्रात ती चढण पायरीपायरीने दिसते. सणाच्या दिवसांत वाचकांपुढे ठेवण्यासारखी ती हकीकत आहे.

जाझ म्हणजे आपल्याला अगदीच परके प्रकरण नव्हे. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढे गोव्याच्या वादकांनी ते वळण आपलेसे केले. १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादा ज्या संगीतावर नाचले, त्यात सी. रामचंद्रांच्या मदतीला चिक चॉकलेट हा गोवेकर ट्रंपेटवादक होता. मात्र या संगीताचे माहेर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत. आणि त्यावरच्या नाचाचे मोठे घर म्हणजे हार्लेममधील सॅव्हॉय बॉलरूम.

मार्च १९२६ मध्ये लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर हे नृत्यगृह उघडले. आत वादकांसाठी दोन मंच होते. एक वृंद थांबला की दुसरा सुरू होई, नाचणाऱ्यांना उसंत म्हणून नाही. ज्या काळी कॉटन क्लबसारख्या ठिकाणी कृष्णवर्णीयांनी नाचायचे आणि गोऱ्यांनी तेवढे प्रेक्षक म्हणून बसायचे असा रिवाज होता, त्या काळी सॅव्हॉयमध्ये काळे-गोरे एकाच जमिनीवर नाचत. तेथे विचारले जाई ते एवढेच, की तुला नाचता येते का?

तेथला लाडका नाच म्हणजे लिंडी हॉप. त्याची मूळ चाल आठ मात्रांची. जोडीने जवळ यायचे, फिरायचे, आणि हात न सोडता एकमेकांपासून झोकात दूर जायचे. दूर गेल्यावर ज्याने त्याने आपापले काही करून दाखवायचे. म्हणजे चाल ठरलेली, आणि तिच्या पोटात मोकळीक. आपल्याकडे ठेका पक्का असला तरच तिहाई रंगते, तसेच हे.

फ्रँकीचा जन्म १९१४ चा, फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिलचा. आईबरोबर तो लहानपणीच हार्लेमला आला. आई स्वतः नाचाची शौकीन. पोराला नाचताना पाहून तिने सरळ सांगितले, की तू फार ताठ आहेस, तुझ्याने काही नाचणे व्हायचे नाही! आईचे बोल लागतात; याला ते उपयोगी लागले. घरी ग्रामोफोन लावून, झाडू किंवा खुर्ची हीच जोडीदारीण समजून त्याने सराव मांडला.

पुढे तो नाचगृहांत जाऊ लागला: प्रथम अलहाम्ब्रा, मग रेनेसाँ, आणि शेवटी सॅव्हॉय. शाळामास्तराच्या भाषेत सांगायचे तर प्राथमिक शाळा, हायस्कूल आणि कॉलेज. खालच्या वर्गात हुशार ठरलेला मुलगा वरच्या वर्गात गेला की एकदम मधल्या बाकावर येऊन पडतो. अशा वेळी बहुतेक जण आणखी चार नव्या चाली पाठ करतात. चालींचा साठा वाढतो, नाच होता तेथेच राहतो; कारण पाय कामात असतात आणि कान रिकामे!

फ्रँकीने दोन गोष्टी केल्या. पहिली, अंगाचा ताठरपणा मोडला. जुने नर्तक सरळ उभे राहून नाचत. हा धावपटूसारखा पुढे झुकून, गुडघे सैल सोडून नाचू लागला. दुसरी, त्याने वादकांकडे कान लावले. सॅव्हॉयचा लाडका ड्रमवादक चिक वेब हा क्षयाने पाठीचा कणा वाकलेला, ठेंगणा माणूस होता; पण त्याच्या ठेक्यावर सारी जमीन हलत असे. ड्रमचा आघात कोठे पडतो, ट्रंपेट कोठे उसळी घेते, हे ऐकून फ्रँकी अंग टाकू लागला.

याचे फळ १९३५ साली दिसले. शॉर्टी स्नोडेन हा त्या वेळचा नावाजलेला नर्तक. त्याची उंच जोडीदारीण बिग बी नाच संपताना त्याला पाठीवर घेऊन निघून जाई आणि लोक हसत. फ्रँकीच्या मनात आले, पाठीवर घ्यायचे तर पलीकडे उतरवायचे का नाही? फ्रीडा वॉशिंग्टन या जोडीदारणीबरोबर त्याने घरात गादी पसरून सराव केला. स्पर्धेच्या रात्री चिक वेबच्या वादनावर फ्रीडा त्याच्या पाठीवरून गोलांटी घेऊन समोर उतरली, ती नेमकी ठेक्यावर. उडी पाहून डोळे दिपले असतील. माझ्या मते खरी करामत त्या समेवर येण्यात होती. ठेका चुकला असता तर ती नुसती कसरत ठरली असती.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. १९४१ च्या ‘हेल्झापॉपिन’ चित्रपटात त्याने बसवलेला नाच आजही पाहायला मिळतो. मग तो युद्धावर गेला. परत आल्यावर लोकांची आवड बदलली. १९५५ साली त्याने टपालखात्यात नोकरी धरली. १९५८ मध्ये सॅव्हॉय बंद पडले. ती इमारत पाडून तेथे घरे उभी राहिली.

१९८६ साली कॅलिफोर्नियाहून दोन तरुण नर्तक त्याला शोधत आले, शिकवा म्हणाले. बहात्तरीचा हा गडी पुन्हा मधल्या बाकावर! नाचणे येत होते, शिकवणे येत नव्हते. सॅव्हॉयमध्ये कोणी मात्रा मोजून धडे दिलेच नव्हते. सारे पाहून, ऐकून, धडपडून शिकलेले. अंगात मुरलेली चाल सुटी करून, आकड्यांत मांडून दाखवणे त्याला नव्याने शिकावे लागले. तो तेही शिकला. १९८९ च्या ‘ब्लॅक अँड ब्लू’ या नाट्यप्रयोगाच्या नृत्यरचनेसाठी आणखी तिघांबरोबर त्याला टोनी पारितोषिक मिळाले. स्वीडनपर्यंत त्याचे विद्यार्थी झाले. २००९ मध्ये, पंचाण्णवीला महिनाभर कमी असताना, तो वारला.

या हकीकतीतून एक गोष्ट मनात घर करून राहते. फ्रँकीची जिद्द मोठी, हे खरेच. पण ती जिद्द ज्या जमिनीवर रुजली ती जमीनही तितकीच मोठी होती. तेथे बेताचे नाचणारा उत्तम नाचणाऱ्याच्या शेजारी उभा राहू शके, आणि त्याला कोणी बाहेर काढीत नसे. उस्ताद तर क्वचितच जन्मतात. मधल्यांना वर चढू देणाऱ्या जागा माणसांना बांधता येतात, आणि पाडताही येतात. २००२ साली सॅव्हॉयच्या जागी एक स्मृतिफलक लावण्यात आला. फलक वाचायला बरा असतो. त्यावर नाचता येत नाही.