डबीवरचा अदृश्य थर

सर्किट बसवण्यासाठी आपण घरी ॲल्युमिनिअमची छोटी डबी करतो. पत्रा सहज वाकतो; रंगाचे मात्र पोपडे निघतात. असे का? उत्तर या धातूच्या इतिहासात सापडते.

ॲल्युमिनिअम ऑक्सिजनला सहजासहजी सोडत नाही. १८२५ साली ओर्स्टेड यांनी तो अशुद्ध स्वरूपात वेगळा केला, तरी पुढची साठेक वर्षे तो महागच राहिला. १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर त्याचा सुमारे २.८ किलोचा तुकडा मानाने बसवला गेला. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी स्वतंत्रपणे विजेच्या साहाय्याने ही पकड सोडवली आणि धातू स्वस्त झाला.

ऑक्सिजन मात्र पाठ सोडत नाही. कापलेल्या कडेवरही क्षणार्धात ऑक्साइडचा, काही नॅनोमीटर जाडीचा थर चढतो. हाच थर धातूला वाचवतो. पण गुळगुळीत, तेलकट पृष्ठभागावर रंग टिकत नाही. म्हणून आपण आधी तेल पुसून मग पॉलिश पेपर घासतो. गंमत म्हणजे त्या कागदावरचे तपकिरी कण बहुधा ॲल्युमिनिअम ऑक्साइडचेच असतात! घासल्यावर थर पुन्हा येतोच. पण ताज्या, खरबरीत पृष्ठभागावर अस्तराचा रंग घट्ट बसतो.

वर्गात अर्धाच पत्रा घासून पूर्ण रंगवा. वाळल्यावर दोन्हीकडे खिळ्याने ओरखडे काढा. काय दिसले, ते मुलांनाच सांगू द्या.