डोलकाठी आणि हुकूम

वर्गात एखादा जुना इंग्रजी शब्द आला की त्याची व्युत्पत्ती सांगून पुढे जाण्याचा प्रघात आहे. ती व्युत्पत्ती खरी आहे का, आणि खरी असली तरी समोरच्या वाक्यात तिला काही काम आहे का, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. शिडाची जहाजे आणि पत्त्यांचे डाव यांतून इंग्रजीत आलेल्या शब्दांबाबत ते विचारणे आम्हाला अगत्याचे वाटते.

आधी जहाजाकडे पाहू. 'बाय ॲण्ड लार्ज' म्हणजे आज केवळ 'एकंदरीत'. सतराव्या शतकातील खलाशाला त्यात दोन स्थिती दिसत. 'बाय' म्हणजे जहाजाचे तोंड वाऱ्याच्या रोखाला जमेल तितके जवळ ठेवून जाणे; 'लार्ज' म्हणजे वारा मागल्या अंगाने घेत मोकळे जाणे. दोन्ही प्रकारे नीट चालणारे जहाज भरवशाचे. 'टेकन अबॅक'चेही तसेच. वारा अवचित समोरून आला की शिडे उलटी डोलकाठीवर दाबली जात आणि जहाज थबके. आज थबकतो तो माणूस. जहाज नजरेआड झाले आहे.

पत्त्यांतील 'ट्रम्प' हा 'ट्रायम्फ'चाच अपभ्रंश. ह्यू लॅटिमर यांनी 1529 मध्ये केंब्रिज येथे पत्त्यांच्या रूपकावर प्रवचने दिली, त्यांत हा खेळ 'ट्रायम्फ' याच नावाने येतो आणि हुकूम बदामाचा, म्हणजे हृदयाचा, असतो. इंग्रजी शब्दात विजय आहे, तर आपल्या 'हुकूम' या अरबी शब्दात आज्ञा. एकाच पानाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत.

खरी गफलत होते ती या दोन घराण्यांच्या सीमेवर. 'अबव्ह बोर्ड' हा शब्दप्रयोग ऐकताच अनेकांना जहाजाची फळी आठवते. वस्तुतः हा 'बोर्ड' म्हणजे मेज. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 च्या कोशात त्याचा उगम जुगाऱ्यांकडे दाखवला आहे: हात मेजाखाली गेला की पत्ते बदलले जात असल्याचा संशय येई. समुद्राची भुरळ अशी की नसलेले कुळही शब्दाला चिकटते. मुंबईच्या आगबोटींशी जोडलेली 'पॉश'ची कथा सर्वश्रुत आहे. जाताना डावीकडची, परतताना उजवीकडची खोली, अशा आद्याक्षरांचा शिक्का तिकिटांवर मारला जाई म्हणतात. तसे एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही.

मग या शब्दांच्या इतिहासाचा वाचकाला उपयोग काय? जेन ऑस्टेन यांच्या 1814 च्या 'मॅन्सफिल्ड पार्क'मध्ये दोन्ही घराणी एकत्र भेटतात. ऑस्टेन यांचे दोन भाऊ नौदलात होते आणि त्यांपैकी फ्रान्सिस यांच्या जहाजांची खरी नावे कादंबरीत आली आहेत. फॅनीचा भाऊ विल्यम नौदलातला. त्याच्या उपस्थितीत 'स्पेक्युलेशन' नावाचा डाव रंगतो, ज्यात हुकमाची पाने विकत घ्यायची आणि विकायची असतात. हेन्री क्रॉफर्ड फॅनीला खेळ शिकवतो, पण डाव भावाने जिंकावा अशी तिची इच्छा. त्याच मेजावर क्रॉफर्ड मनात वेगळेच आडाखे बांधत असतो. येथे 'स्पेक्युलेशन' हे खेळाचे नाव आहे आणि माणसांवर लावलेल्या बोलीचेही. पुढे पोर्ट्समथला फॅनीचे वडील विल्यमच्या 'थ्रश' जहाजाविषयी बोलतात, तेव्हा त्यांची दर्यावर्दी भाषा त्यांचा व्यवसाय आणि वर्ग सांगते. हे दोन्ही दुवे सुटले तर प्रसंगाचा अर्धा अर्थ हातून जातो.

म्हणून शब्द कोठून आला एवढ्यावर थांबता येत नाही. लिहिणाऱ्याच्या काळी तो मूळ कामापासून किती दूर गेला होता, हे तपासावे लागते. आजच्या अहवालातील 'बाय ॲण्ड लार्ज'चे भाषांतर करताना शिडे उभारण्याचे कारण नाही. ऑस्टेनचा 'स्पेक्युलेशन' मात्र नुसत्या 'अंदाज' या शब्दात मावणार नाही. तेथे मेजावरचे पत्ते दिसलेच पाहिजेत.