पोसायडन मूर्ती, ब्रह्मपुरी
कोल्हापूर येथे पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडात सापडलेली, ग्रीक सागरदेव पोसायडन याची छोटेखानी कांस्यमूर्ती. कांस्य म्हणजे तांबे व कथील यांचा मिश्रधातू. या टेकाडात मिळालेल्या कांस्यवस्तूंच्या साठ्यातील ही सर्वांत महत्त्वाची वस्तू असून, 1945-46 मध्ये ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी डेक्कन कॉलेजच्या वतीने येथे केलेल्या उत्खननाने तिचा सातवाहनकालीन संदर्भ स्पष्ट झाला. मूर्ती दाढीधारी व नग्न असून तिच्या उंचावलेल्या हातातील त्रिशूळ, म्हणजे पोसायडनचे आयुध, आज उरलेले नाही. एका पायावर शरीराचा भार पेलणारी सैल उभी ठेवण आणि स्नायूंची सजीव घडण यांवरून अभ्यासक तिचा संबंध इ. स. पू. चौथ्या शतकातील ग्रीक शिल्पकार लिसिपस याच्या शैलीशी जोडतात; मात्र ती मूळ ग्रीक कृती नसून, जुने ग्रीक आदर्श समोर ठेवून रोमन काळात घडवलेली प्रतिकृती मानली जाते. पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून चालणाऱ्या रोमन व्यापाराचा दख्खनच्या अंतर्भागाशी असलेला संबंध दाखवणारा हा मौल्यवान पुरावा कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयाचे भूषण ठरला आहे.